नाताळकार्डांचा घाणा

"आधी हात धुऊन ये," आई म्हणाली. "एस.टी.चे हात कार्डाला लागायला नकोत."

मी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. ठेवायला जागाच नव्हती. अंगणातल्या दोन्ही खाटा, पाण्याच्या पिंपाचं झाकण, उपड्या घातलेल्या परड्या, कपड्यांची दोरी, सगळीकडे निळी कार्डं वाळत होती. ऊन होतं, पण नगरचं डिसेंबरातलं, अंगाला न लागणारं. त्या निळ्याच्या मधोमध आई पाटावर बसली होती. तिच्या एका हातात जुना टूथब्रश होता आणि दुसऱ्या हातात चहाची गाळणी. रिबूआत्या कोपऱ्यात घमेल्यात हात घालून काहीतरी चोळत होती.

"सोलापूरची गाडी लवकर आली वाटतं," आत्या म्हणाली. "का कॉलेजनं हाकलून दिलं?"

"रजा घेतलीय."

"एवढी मोठी रजा? तोवर तुमच्या ग्रंथालयातली पुस्तकं काय उंदीर वाचणार?"

रजा कशासाठी घेतली होती ते आम्हा तिघींनाही माहीत होतं. कुणी विषय काढला नाही. मी हात धुतले आणि घड्या घालायला बसले.

आमच्या घरी दर वर्षी नाताळची कार्डं हातानं होत. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घराला एक, आणि मिशनच्या हॉस्पिटलात त्या दिवशी जे कुणी पडून असेल त्याच्या उशाशी एक, मग तो कुठल्याही धर्माचा असो. आई त्या हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाल्यावरही तिनं कार्डं सोडली नाहीत. उलट आता सगळा दिवस मोकळा म्हणून संख्या वाढवली. एकेक कार्ड पुरं करणं तिला मान्य नव्हतं. "एकेक करत बसलं की माणूस कलाकार होतो आणि काम तसंच राहतं," असं ती म्हणायची. म्हणून चकल्यांचा काढतात तसा कार्डांचा घाणा निघायचा. आधी सगळ्या घड्या, मग सगळं आकाश, मग सगळ्यांच्या आत नावं.

आकाश म्हणजे कपड्यांची नीळ. ती डिंकाच्या पाण्यात कालवायची, ब्रश बुडवायचा आणि गाळणीवर घासायचा, की खाली बारीक फवारा पडतो. त्याआधी कार्डावर चांदणीचा साचा ठेवायचा आणि तो उडू नये म्हणून त्याच्यावर चिंचोके. फवारा मारून साचा उचलला, की निळ्या रात्रीत पांढरी चांदणी उरते. हा साचा कागदाचा असला तर दोन कार्डांत भिजून लोळागोळा होतो. पुठ्ठ्याचा फुगतो. एक्स-रेच्या फिल्मचा मात्र वर्षानुवर्षं टिकतो. हॉस्पिटलात जुने, कुणाला नको असलेले फोटो बाहेर काढले की आई ते आणायची. आत्या ते गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यात भिजत घालायची. मग अंगठ्यानं चोळलं की वरचा काळा थर सायीसारखा सुटून यायचा. बरगड्या, मोडलेली मनगटं, कुणाकुणाचे गुडघे पाण्यात विरघळून जायचे आणि हातात एक स्वच्छ, किंचित निळसर काच राहायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी नाताळ असा सुरू होतो.

"वहिनी, तुमची ही चांदणी एका अंगानं लंगडी आहे," आत्या म्हणाली.

"तुम्ही कापलीय ती, रिबूबाई."

"मी कापली तेव्हा सरळ होती. तुम्ही वापरून वापरून लंगडी केली."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही, बालवाडी चालवली. वडील गेल्यावरही ती आमच्याकडेच राहिली. ती आणि आई दिवसभर अशाच बोलायच्या. आत्याचा एक मोठा गुण असा, की तिची चूक कधीच नसायची. दूध उतू गेलं तर शेगडी खराब होती, गाडी चुकली तर गाडीच लवकर सुटली होती. सकाळी शेजारची कोंबडी ओल्या कार्डांवरून चालत गेली होती आणि आठ-दहा आकाशांवर तिचे पाय उमटले होते. अंगणाचं फाटक आत्यानंच उघडं टाकलं होतं. तिचं म्हणणं, मेंढपाळ आले, राजे आले, मग कोंबडीनं येऊ नये असं कुणी सांगितलंय?

आई हसली आणि हसता हसता तिला खोकला आला.

मी घडी घालायची थांबले. तो खोकला मी फोनवर ऐकला होता, पण समोर तो वेगळा होता. कोरडा, लहान, जणू कुणी आतून दार लावून घेतंय. तिच्या हातातला ब्रश हलला आणि चांदणीच्या मधोमध निळे थेंब पडले.

"हे बाजूला ठेव," ती मला म्हणाली. "हे उजगऱ्यांना देऊ. त्यांना चष्मा लागलाय, कळायचं नाही."

उजगरे हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. आईचे जुने सहकारी.

"पाणी आणू?"

"कशाला? घडी घाल. चमच्याची पाठ फिरव तिच्यावर, नाहीतर कार्ड तोंड वासून बसतं."

पावसाळा संपल्यापासून तिला खोकला होता. वजन उतरलं होतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो पाहून ते फार बोलले नाहीत, पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे जा म्हणाले. हे मला आत्यानं फोनवर सांगितलं, तेही बोलता बोलता, केरोसिनची रांग आणि कुणाचं तरी बारसं यांच्या मध्ये. त्या दिवसापासून मी सोलापुरात ग्रंथालय बंद झाल्यावर वैद्यकाच्या कप्प्यापुढे उभी राहून वाचत असे. वाचणं हाच मला माहीत असलेला एक उपाय होता, आणि त्यानं माझी झोप गेली. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ मी किती खटपटीनं मिळवली ते मलाच ठाऊक. सोमवारी सकाळची वेळ होती. नाताळला जेमतेम दीड आठवडा उरला होता.

माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. सोमवारी आई पुण्याला त्या खोलीत, त्या डॉक्टरांसमोर बसलेली असली पाहिजे. बाकीचं पुढचं पुढे.

दुपारी जेवणं झाल्यावर मी तिची पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, शाल, औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी. फोटोचं तपकिरी पाकीट लोखंडी कपाटावर होतं. मी ते खाली काढलं आणि हातात घेताच मला कळलं. ते हलकं होतं. फिल्म पाकिटात असली की पाकीट हातात वाकत नाही. हे वाकलं.

मी कपाटावर पाहिलं, कपाटामागे पाहिलं, गादीखाली पाहिलं. मग तशीच पाकीट घेऊन अंगणात गेले. आत्या घमेल्यातून धुतलेल्या फिल्म काढून एकेक भिंतीला टेकवून ठेवत होती. त्यांच्यातून भिंत दिसत होती. घमेल्यातलं पाणी काळंभोर होतं.

"आत्या, ह्यातला फोटो कुठाय?"

आत्यानं पाकिटाकडे पाहिलं.

"कपाटावरचं?" ती म्हणाली. "अगं बाई. मी घातला वाटतं."

"कशात घातला?"

"ह्यातच. जुन्यांबरोबर. मला वाटलं, हॉस्पिटलातून आलेलंच पाकीट आहे." तिनं हात पदराला पुसले. "माझीच चूक गं करुणा. डोळेच फुटले माझे. माझीच चूक."

"आत्या, त्याच्यावर आईचं नाव होतं!"

"हो ना."

"वाचता येत नाही का तुला? अख्खा जन्म पोरांना बाराखडी शिकवलीस ना?"

मी आत्याशी अशी कधी बोलले नव्हते. ती मान खाली घालून उभी राहिली. मी घमेल्यात हात घातला आणि पाण्यात चाचपलं, जणू अजून काही हाती लागणार होतं. नखांत काळा गाळ आला. भिंतीला टेकवलेल्या फिल्म एकसारख्या होत्या. त्यांतली कुठली आईची ते सांगता येत नव्हतं.

"त्या बिचारीला काय बोलतेस?" आई पाटावरून म्हणाली. तिनं ब्रश थांबवला नव्हता. "फोटोच तर होता. दुसरा निघेल."

"सोमवारी दाखवायचाय तो!"

"मग जानेवारीत दाखवू."

"आई!"

"आता त्या डॉक्टरांकडे रिकाम्या हातानं जाऊन काय करणार? ते म्हणतील, आधी फोटो काढून आणा. तो पुण्यात काढायचा, उद्या या, परवा या. नाताळ तिथल्या बाकड्यावर व्हायचा. त्यापेक्षा सण होऊ दे. मग निवांत जाऊ."

"निवांत?"

"ओरडू नकोस. तो घाणा वाळलाय, उचलून घे. वारा सुटलाय."

मी उचलला. काय करणार होते? माझे हात काळे होते आणि पहिल्याच कार्डावर अंगठा उमटला. आईनं ते पाहिलं आणि पुढच्या कार्डावर साचा ठेवला. मला आठवतं, तिनं मला रागावावं असं मला वाटत होतं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून पुण्याला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, फोटो नसेल तर इथे काढता येईल, पण मग सगळं लांबेल. पेशंटला राहावं लागेल या तयारीनं या. मी घरी येऊन हे सांगितलं. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि आत्याला म्हणाली, "रिबूबाई, उद्या दुसरा घाणा थोडा गडद काढू."

रविवारी उपासनेला मी आईच्या शेजारी बसले होते. गाण्यांच्या वेळी ती उभी राहिली, पण गायली नाही. ओठ हलवत होती. खोकला यायला लागला की रुमाल तोंडाला लावून खाली बसायची, मग पुन्हा उठायची. पाळकसाहेब कशावर बोलले मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. नगरात फोटो निघतो. उजगरे काढतात. रविवारी खोली बंद असते, पण किल्ली त्यांच्याकडेच असते. आज काढला तर उद्या सकाळच्या गाडीला आम्ही असू, आणि आईकडे नाही म्हणायला काही उरणार नाही.

उपासना सुटली. अंगणात सगळे एकमेकांना सलाम करत होते. आईभोवती बायका जमल्या होत्या. कार्डं कुठवर आली, सिस्टर? आमच्या सुनेचं नाव घाला यंदा. उजगरे चर्चच्या पुढच्या कमानीखाली शिडीवर होते. बांबूच्या कामट्यांची मोठी चांदणी तारेनं बांधत होते.

"उजगरेकाका, जरा खाली येता?"

"बेबी? तू कधी आलीस? ती पक्कड दे आधी वर."

मी पक्कड दिली. शिडी धरून उभी राहिले आणि खालूनच सगळं सांगितलं. घमेलं, आत्या, पाकीट. आज दुपारी पाच मिनिटं खोली उघडाल का, म्हणून विचारलं. ते तार पिळत राहिले. मग सावकाश उतरले आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले.

"रिबूबाईंनी धुतला?" त्यांनी विचारलं.

"हो. चुकून."

"रिबूबाई म्हणाल्या, चुकून?"

"तिनं लगेच कबूल केलं."

"अस्सं." ते किंचित हसले, पण त्यांचा चेहरा हसरा नव्हता. "बेबी, तुझ्या आत्यानं कधी काही कबूल केलेलं तू ऐकलंयस?"

मी शिडीवरचा हात काढला.

"शुक्रवारी सिस्टर आल्या होत्या माझ्याकडे," ते म्हणाले. "पाकीट घेऊन. म्हणाल्या, उजगरे, दिवा लावा. मी लावला. आम्ही दोघांनी मिळून असे किती फोटो बघितले असतील आजवर. त्यांनी बघितला. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, हा दुसऱ्या कुणाचा असता तर आपण घरच्यांना काय सांगितलं असतं? मी म्हटलं, सिस्टर, आज रात्रीच पुण्याला जा. म्हणाल्या, ते सांगितलं असतं, खरंय. पण आपल्याला काय वाटलं असतं ते सांगा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्यांनी स्वतःच दिवा बंद केला. म्हणाल्या, एवढा एक नाताळ घरी काढते. पोरगी येतेय, ती फोटो उजेडात धरून बघितल्याशिवाय राहायची नाही. पुस्तकं वाचते ना."

कमानीखालून लोक जात होते. कुणीतरी मला सलाम केला, मीही केला.

"मी खोली उघडीन," उजगरे म्हणाले. "तू म्हणशील तेव्हा. पण त्यांना तिथवर आणणं माझ्या हातात नाही."

मी घरी चालत आले. आई बायकांबरोबर मागून येत होती. रस्त्यात मी सगळं जुळवत होते. मला राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण तो धरायला कुणी सापडत नव्हतं. आईचा धरला, की ती फोटो बघायच्या उजेडाच्या पेटीसमोर एकटी उभी दिसायची.

आत्या उपासनेला आली नव्हती. मोरीत घमेलं घासत होती. माझ्याकडे एकदा पाहून तिनं पुन्हा काथ्या फिरवायला सुरुवात केली.

"उजगऱ्यानं सांगितलं ना?" ती म्हणाली. "मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"तू मला का नाही सांगितलंस? मी काल तुला काय काय बोलले."

"बोललीस तर बोललीस. मला काय भोकं पडली?"

"आत्या, तू तिच्या जिवाशी खेळलीस. कळतंय का तुला?"

तिनं घमेलं उपडं घातलं. मग दगडावर बसली. ती एवढी लहान दिसते हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

"शुक्रवारी पाणी तापवत होते," ती म्हणाली. "वहिनी आली आणि तो फोटो माझ्या हातात दिला. म्हणाली, हाही घाला. मी नाव बघितलं. म्हटलं, वहिनी, हा तर तुमचा. ती म्हणाली, म्हणूनच. झालं. एवढंच बोललो."

"आणि तू घातलास."

"घातला. तुझा बाप गेला त्या वर्षी मी सामान बांधलं होतं, भावजयीच्या घरात किती दिवस राहायचं म्हणून. तिनं माझी ट्रंक उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले. तेव्हापासून आजपर्यंत तिनं माझ्याजवळ काही मागितलेलं नाही. मीठसुद्धा नाही. पहिल्यांदा मागितलं, तर मी काय, नाही म्हणू?" तिनं ओल्या हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "तू तिची लेक आहेस. तुला जे करायचं ते कर. मला विचारू नकोस."

फाटक वाजलं. आई आली. तिनं चपला काढल्या, आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि मला वाटतं, तेवढ्यात तिला सगळं समजलं. ती आत गेली नाही. सरळ पाटावर जाऊन बसली आणि नीळ कालवायला घेतली.

पुढे जे झालं ते सांगते. आम्ही सोमवारी पुण्याला गेलो. आईला त्याच दिवशी ठेवून घेतलं. तो नाताळ तिनं वॉर्डात काढला, तिथे चांदणी नव्हती की गाणी नव्हती, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती मानेखाली उशी कशी घ्यायची ते शिकवत होती. कार्डं आत्यानं आणि मंडळीतल्या बायकांनी पुरी केली. उपचारांनी काही महिने वाढवले असं डॉक्टर म्हणाले. ते महिने कसे होते ते मी पाहिलं आहे, म्हणून मी त्यांच्याशी वाद घालत नाही आणि हो असंही म्हणत नाही. पुढचा नाताळ आईला मिळाला नाही. तिला हवा होता तो एकच होता, आणि तो तिनं सोडून दिला. उजगऱ्यांनी खोली उघडली म्हणून नव्हे. मी पुस्तकांतलं सांगून तिला पटवलं म्हणूनही नव्हे. ती पुण्याला जायला का उठली, हे आत्यानंही मला कधी विचारलं नाही, आणि आता ती विचारायला राहिलेली नाही.

त्या रविवारी दुपारी मी आईच्या समोर बसले. तिनं कार्ड ठेवलं, साचा ठेवला, चिंचोके ठेवले.

"उजगरे भेटले?"

"भेटले."

"खोली उघडतो म्हणाले असतील."

"हो."

ती ब्रश गाळणीवर घासत होती. फवारा पडत होता. मी पाहत होते की तिचा हात मध्येच थांबतो, ती श्वास घेते, आणि मग पुन्हा सुरू करते.

"रिबूबाईंना आणखी काही बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांना मी सांगितलं होतं."

"माहितीये."

"मग बोल. तुझं काय म्हणणं आहे? रात्रभर कूस बदलत होतीस, मला ऐकू येत होतं."

"पुण्याचे डॉक्टर म्हणतात, जितक्या लवकर..."

"डॉक्टरांचं मला माहीत आहे, करुणा. मी त्यांच्याच बाजूला उभी राहून ते बोललेय. एकदा आत घेतलं की सोडत नाहीत. मीच किती जणांना सोडलं नाही. सणाला तरी घरी जाऊ द्या म्हणून हात धरायचे माझे." तिनं साचा उचलला. चांदणी स्वच्छ आली होती. "मला नाताळला चर्चमध्ये आपल्या बाकावर बसायचंय. एवढंच. दीड आठवड्यानं काय बिघडणारे?"

"बिघडू शकतं. एका पुस्तकात..."

"पुस्तकाचंही नको." ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, तसं ती सहसा पाहत नसे. तिला नेहमी काहीतरी काम असायचं. "सगळ्यांचं ऐकून झालं. तुझं सांग. तू म्हणशील तसं करते."

माझ्याकडे सगळं तयार होतं. गाड्यांच्या वेळा, पुण्याच्या बाईचं बोलणं, मोठ्या ग्रंथातलं एक अख्खं पान. मी काल सकाळपासून तिच्याशी त्याच भाषेत बोलत होते. खरं तर लहानपणापासूनच. तिला ताप आला की मी थर्मामीटर आणायची, वडील गेले तेव्हा मी कोणाकोणाला कळवायचं ते पाहत होते. आमच्या घरात माया होती आणि ती कामाला लावलेली होती. तिचं नाव कुणी घेत नसे.

आई वाट पाहत होती. तिनं ब्रश खाली ठेवला होता. तिच्या बोटांना नीळ लागली होती, आणि ती एकेक बोट पदराला पुसत होती, आणि मला वाटलं, ही पण घाबरलेली आहे. शुक्रवारपासून घाबरलेली आहे.

मी तोंड उघडलं तेव्हा मला वाटत होतं की मी गाडीची वेळ सांगणार आहे.

"आई," मी म्हटलं, "मला तू हवी आहेस. नाताळ नको. तू हवी आहेस."